ताम्हिणीचा रस्ता कोणासाठी?

पुण्याहून पश्चिमेस निघालेला रस्ता चांदणी चौक ओलांडतो, भूगाव-भुकूम मागे टाकून पिरंगुटचा लहानसा घाट उतरतो आणि पौडच्या परिसरात त्यास मुळा नदी भेटते. तेथून पुढे माले, मुळशीचे धरण, जलाशयाच्या काठाने वळसे घेत निवे, मग ताम्हिणी, आणि अखेर घाट उतरून कोकणातील विळे. आंबोलीचा किंवा कोयनाकाठचा अभिमान बाळगणाऱ्यांनी क्षमा करावी; परंतु नदी, अरण्य आणि घाट ही तिन्ही एका दिवसाच्या सायकलप्रवासात हाती देणारा याच्या तोडीचा दुसरा रस्ता मला ठाऊक नाही. शिक्षक, कारकून, विद्यार्थी अशा बेताच्या मिळकतीच्या माणसाला कोणापुढे हात न पसरता आपला मुलूख डोळे भरून पाहता यावा, अशी सोय या रस्त्याने दीर्घकाळ करून ठेविली होती.

'होती' असे म्हणावे लागते, याचे कारण हा रस्ता सायकलस्वाराच्या हातून हळूहळू निसटत आहे. रस्ता बंद झाला तर फलक लागतो, बातमी येते. सायकलला तो अशक्य झाला तर मात्र काहीच होत नाही. एक एक माणूस मुकाट्याने जाणे सोडून देतो, आणि कालांतराने 'या रस्त्याने सायकलने कोण जाते?' असा प्रश्न विचारून सायकलस्वाराच्या अनुपस्थितीचाच पुरावा त्याच्याविरुद्ध पुढे केला जातो.

प्रस्तुत लेखक या रस्त्याने प्रथम गेला तो १९९७ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत. आम्ही तिघे होतो, दोन शिक्षक आणि एक कारकून. तिघांच्याही सायकली काळ्या, बावीस इंची, मागे कॅरिअर असलेल्या. रोज शाळा आणि कचेरी गाठण्याखेरीज त्यांनी अन्य पराक्रम केलेला नव्हता. कॅरिअरला सुतळीने बांधलेली सतरंजी, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि पंक्चरचे सामान म्हणून सोल्यूशनची एक नळी, काचकागद व जुन्या ट्यूबचे तुकडे. रस्ता अरुंद होता, जागोजागी खडी वर आलेली होती. चढावर आम्ही उतरून सायकली हाताने ढकलीत गेलो व त्यात कमीपणा मानला नाही. खरे भय होते ते उताराचे. दवाने ओल्या झालेल्या लोखंडी रिमवर ब्रेकचे रबर नुसते घसरते. दाबले तरी सायकल थांबत नाही, केवळ विनंती ऐकल्यासारखी किंचित हळू होते. म्हणून ताम्हिणी घाटाचा बराचसा भाग आम्ही उतरतानाही चालतच पार केला. त्या चालण्यामुळेच तो घाट आम्हांस पाहावयास मिळाला, हे निराळे.

मोटारीच्या काचेतून जे दिसते ते दृश्य. सायकलवरून दिसतो तो भूगोल. पौडपर्यंत माळ, शेते आणि मधूनमधून आंब्याची झाडे. मुळशीपासून हवेत गारवा. आणि निव्याच्या पुढे झाडी एकाएकी रस्त्यावर झुकते. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, अंजनी यांची ती मिश्र राई आहे. पावसाळा सरल्यावर किंजळ तांबूस फळांनी भरतो, तेव्हा दुरून तो फुलला आहे असेच वाटते. उतारावर कारवीची दाट झुडपे असतात, आणि सात वर्षांतून एकदा ती फुलतात तेव्हा डोंगराच्या डोंगर जांभळट होतात. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी येथे शेंड्याशेंड्यांवरून उड्या घेत जातो. सायकलला आवाज नसल्याने तो आपणांस दिसण्याची शक्यता अधिक, हा या वाहनाचा एक दुर्लक्षित गुण होय. ताम्हिणीस विंझाई देवीचे देऊळ आहे. देवाच्या नावाने राखलेल्या देवराया या पट्ट्यात अद्याप तग धरून आहेत. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल अभ्यासकांच्या नजरेस आणले. २०१३ साली येथील सुमारे पन्नास चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले.

ही हिरवाई कोठून येते, हे विचारण्याची गरज नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीस एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरास वर्षभरात सरासरीने मिळतो तो पाऊस साडेसातशे मिलिमीटरांच्या आसपास. म्हणजे शहराच्या वर्षभराच्या वाट्यातील बहुतेक भाग येथे एका दिवसात कोसळतो. ही तफावत सायकलस्वाराला पायांनी समजते. साठ किलोमीटरांत भूमी, झाड, छप्पर, माणसाची इरली-घोंगडी, सगळेच बदलत जाते, आणि ते बदलताना त्याला दिसते.

परंतु या रस्त्याची खरी कथा पाण्याची आहे, आणि ती केवळ निसर्गाची नाही. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमापाशी टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधावयास घेतले, तेव्हा सुमारे पन्नास गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्या लढ्याचे अग्रणी. बापटांना 'सेनापती' हे नाव येथूनच मिळाले. लढा सुमारे तीन वर्षे चालला आणि हरला. धरण झाले. १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहात त्या पाण्यावर वीज निर्माण होऊ लागली व ती मुंबईकडे गेली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा साक्षेपाने अभ्यास केला आणि त्यास जगातील पहिली धरणविरोधी चळवळ असे म्हटले. मुळशीच्या काठावर सुट्टी घालविण्यास जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, हा प्रश्न विचारू नये हेच बरे.

सायकलस्वाराला मात्र हे चुकविता येत नाही, कारण जलाशयाचा काठ तो तास-दीड तास सोबत घेऊन चालतो. १९९७ सालच्या त्या फेरीत निव्याच्या अलीकडे एका वाडीवर आम्ही पाणी मागितले. तांब्या आणून देणाऱ्या वृद्ध बाईंनी विचारले, "कुठनं आलासा, मास्तर?" आम्ही मास्तर आहोत हे त्यांनी कशावरून ओळखले कोण जाणे. पुणे म्हटल्यावर त्या हसल्या आणि जलाशयाकडे हात करून म्हणाल्या, "आमच्या सासऱ्याचं खाचर त्या तिथं. उन्हाळ्यात पानी हटलं का बांध दिसतो. चांगला बांध हाय अजून." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आपले शेत अमुक ठिकाणी आहे, इतकेच त्या सांगत होत्या. आणि त्या 'आहे' असेच म्हणाल्या.

मुळेचे पाणी स्वभावाने पूर्वगामी. पुण्यात मुठेला मिळून पुढे भीमेत, भीमेतून कृष्णेत, आणि बंगालच्या उपसागरात असा त्याचा नैसर्गिक मार्ग. मुळशीच्या जलाशयातील पाणी मात्र डोंगरातून पश्चिमेस वळवून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्यास सोडले जाते, आणि वीज करून झाल्यावर ते कुंडलिका नदीत येते. म्हणजे जो सायकलस्वार ताम्हिणी उतरून विळ्यास पोहोचतो आणि तेथून उजवीकडे वळून पाटणूस-भिऱ्याकडे किंवा सुतारवाडीवरून कोलाडकडे जातो, त्यास माथ्यावर सोडलेले पाणी पायथ्याशी पुन्हा भेटते. त्याने घाट उतरला तो रस्त्याने, पाण्याने नळातून, एवढाच भेद. कोकणातील बहुतेक नद्या फाल्गुन-चैत्रात खडकाळ होऊन पडतात. कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही वाहते, कारण ती मुळशीच्या पाण्यावर पोसलेली आहे. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून निघालेले कालवे त्याच पाण्यावर भातशेती भिजवितात. रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीतून ते अखेर अरबी समुद्रास मिळते. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे, तहानलेल्या भीमेच्या खोऱ्यास द्यावे, ही मागणी अधूनमधून होते. तिचा न्याय येथे करता येणार नाही. परंतु एका नदीने दोन समुद्रांशी जोडलेले हे नाते दोन दिवसांच्या सायकलफेरीत जितके स्वच्छ उमगते, तितके भूगोलाच्या तासाला नकाशावर छडी फिरवून मला वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांस उमगविता आले नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता आजची स्थिती. पुणे-ताम्हिणी-माणगाव हा मार्ग दिघी बंदराकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग झाला आहे. रस्ता सुधारला, रुंदावला. त्याबद्दल रडण्याचे कारण नाही. कोकणातील आजाऱ्यास पुण्याच्या रुग्णालयात लवकर पोहोचता येते, माल जातो, चाकरमानी जातो. अरुंद आणि खड्ड्यांनी भरलेल्या रस्त्याचे गोडवे, ज्याला त्या रस्त्याने रोज जावे लागत नाही त्याने गाऊ नयेत. परंतु रस्ता रुंदावला म्हणजे सर्वांसाठी रुंदावला, ही समजूत चुकीची आहे. वेग वाढला, वळणे मात्र घाटाचीच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये वऱ्हाडाची खासगी बस ताम्हिणीत उलटून पाच जण दगावले. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक मोटार दरीत कोसळून सहा तरुण गेले. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी तर हा रस्ता धबधब्यांपाशी थांबलेल्या मोटारींचा, भाजलेल्या कणसांच्या धुराचा आणि ध्वनिक्षेपकांचा बाजार असतो. त्या गर्दीत सायकलवर असणे हे धाडस नसून अविचार होय.

गेल्या आश्विनात मी पुन्हा गेलो. सायकल आता गिअरची, पाय मात्र साठीच्या घरातले. मालेच्या पुढे मागून आलेल्या एका मोठ्या मोटारीने कर्णा वाजविला तो 'मी येत आहे' असे सांगण्यासाठी नव्हे, तर 'तू येथे का आहेस' असे विचारण्यासाठी. मी डावीकडे सरलो. डांबर संपले आणि साइडपट्टी वीतभर खाली होती. चाक खाली गेले, मीही गेलो. मनगट मुरगळले, गुडघा सोलवटला, इतकेच. मोटार थांबली नाही, आणि ती थांबावी अशी माझी अपेक्षाही नव्हती. परंतु ती वीतभर खोल साइडपट्टी माझ्या मनातून जात नाही. चालकाचा उद्दामपणा हा स्वभावाचा दोष झाला, त्यास सरकार काय करणार? डांबराची कड मात्र कोणी तरी आखलेली असते, मोजलेली असते, तिचे देयक मंजूर झालेले असते. आणि त्या साऱ्या कागदांत, या कडेने एखादे दोन अंगुळे रुंदीचे चाक जाईल हा विचार एकदाही आलेला नसतो.

विचार करावयास आधार नव्हता, असेही नाही. सायकल-मार्गांची आखणी कशी असावी, याविषयीच्या शिफारशी इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच प्रसिद्ध केल्या आणि २०१५ साली त्या सुधारूनही दिल्या. मानव विकास कार्यक्रमाखाली शासन मागास तालुक्यांतील मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देते. योजना स्तुत्य आहे, पण सायकल दिली आणि तिला चालावयास कड दिली नाही, तर ती मुलगी कोठून जाणार? एके काळी नगरपालिका सायकलीवर कर घेत, पत्र्याचा बिल्ला लावावयास लावीत, रात्री दिवा नसला तर पोलीस अडवीत. सायकलस्वारास त्याचा जाच वाटे. परंतु त्या जाचात एक मान्यता होती. सायकल हे वाहन आहे, रस्त्यावर तिची जागा आहे, म्हणून तर तिला नियम! आता बिल्ला गेला आणि त्याबरोबर जागाही गेली. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि मुळशी-मावळातील रस्त्यांवरून परदेशी स्पर्धक धावून गेले. आनंदाची गोष्ट आहे. परंतु शर्यतीसाठी रस्ता मोकळा केला जातो, वाहने अडविली जातात. शर्यत संपली की रस्ता पूर्ववत मोटारींचा. काही तास जगातल्या सायकलींना मिळाला तो सन्मान, एखाद्या गावच्या पोस्टमनला वर्षातून एक दिवस तरी मिळतो काय?

मागणे फार नाही. सपाटीवर, पौडपासून निव्यापर्यंत, दोन्ही कडांना दीड मीटर रुंदीची पक्की, डांबराच्या पातळीतील पट्टी असावी. घाटात जागा कमी हे मान्य. तेथे दोन्ही बाजूंचा आग्रह नको, चढाच्या बाजूला तेवढी द्यावी. उताराला सायकल इतर वाहनांच्या जवळपास वेगाने जाते. चढाला ती पायी चालणाऱ्याइतकी मंद होते आणि तेथेच ती मागून येणाऱ्याच्या आड येते. हा साधा हिशेब सायकल चालविणाऱ्याला विचारला असता तर त्याने सांगितला असता. वेग कमी करण्यासाठी रस्त्यावर आडव्या जाड पांढऱ्या पट्ट्या मारतात, त्या कडेपासून हातभर अलीकडे थांबवाव्यात. मोटारीला त्यांनी केवळ हादरा बसतो, सायकलचे हँडल त्यांनी हातातून सुटते. गटारावरील लोखंडी जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने नव्हे, आडव्या बसवाव्यात. रुंदीकरणात ज्या झाडांवर पांढरे-तांबडे पट्टे दिसतात, ती तोडण्यापूर्वी रस्ता त्यांच्या एका अंगाने वळविता येईल का, हे निदान एकदा पाहावे. आणि पावसाळ्यातील रविवारी सकाळी दहापर्यंत, स्थानिक रहिवासी, एस.टी. आणि रुग्णवाहिका वगळून, घाटाच्या माथ्यावरील पट्टा इतर मोटारींस बंद ठेवावा. याने धंदा बुडेल अशी ओरड होईल. मला तसे वाटत नाही. मोटारीत बसलेला माणूस पुण्याहून डबा भरून आणतो आणि रिकाम्या बाटल्या टाकून जातो. सायकलवरून आलेला माणूस भुकेलेला असतो, दर दहा-पंधरा किलोमीटरांवर चहा पितो आणि संध्याकाळ झाली की त्याला गावातच मुक्काम करावा लागतो. पिठले-भाकरीचे पैसे देणारे गिऱ्हाईक तेच.

युरोपात डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटरांचा सायकलमार्ग आहे. कोणे एके काळी प्रवाहाविरुद्ध नौका ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने वाटा केलेल्या होत्या. बाष्पनौका आल्या, घोडे गेले, वाटा उरल्या, आणि त्यांचा मोठा भाग पुढे सायकलींच्या कामी आला. मुद्दाम नवी जमीन घेऊन काही थाटमाट करावा लागला नाही. आपल्याकडे घोड्यांच्या वाटा नाहीत, परंतु पाटबंधारे खात्याचा कालवा जेथे जातो तेथे त्याच्या कडेने निरीक्षणाचा रस्ता असतोच. मुळशीचे पाणी वाहून नेणाऱ्या डोलवहाळच्या कालव्यांच्या कडा दुरुस्त करून त्यांवर सायकलींना जाऊ दिले, तर कोकणातील सायकलस्वाराला महामार्गावर पाऊल न ठेवता नदीच्या सोबतीने कित्येक गावे गाठता येतील. शाळकरी मुलांना त्याचा लाभ पर्यटकांपेक्षा अधिक होईल.

राहता राहिला परतीचा प्रश्न. १९९७ साली आम्ही कोलाडच्या नाक्यावर एस.टी. थांबविली. वाहकाने कुरकुर केली, सामानाची तिकिटे फाडली, आणि तिन्ही सायकली टपावर चढविण्यास स्वतःच हात लावला. रात्री आम्ही पुण्यात होतो. गेल्या वर्षी त्याच नाक्यावर मी दोन गाड्यांना हात केला. दोन्ही वाहक सभ्य होते. एकाने टपाकडे बोट दाखविले. तेथे शिडी नव्हती, कठडाही नव्हता. "काका, चढवायची कुठं?" या त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अखेर एका भाजीच्या टेम्पोने मला आणि सायकलला माणगावमार्गे घाटावर आणले. टेम्पोचालकाने पैसे घेतले नाहीत. पौडपाशी मी आग्रहाने चहा पाजला.

ज्यांना जावयाचे आहे त्यांनी आश्विन-कार्तिकात जावे. पाऊस सरलेला असतो, नाले वाहते असतात आणि ऊन कोवळे असते. चैत्रात मात्र खाली उतरू नये. मार्च २०१७ च्या अखेरीस भिऱ्यास ४६.५ अंश तापमान नोंदले गेले होते. शनिवार-रविवार टाळावेत, रजा शिल्लक असेल तर मधला वार घ्यावा. पहाटे सहापूर्वी चांदणी चौक ओलांडावा, म्हणजे जलाशयाच्या काठी ऊन चढण्याआधी पोहोचता येते. पंप आणि पंक्चरचे सामान जवळ असू द्यावे. पौड सोडल्यावर विळ्यापर्यंत सायकल दुरुस्तीचे एकही दुकान मला उघडे आढळले नाही.